पोर्तुगिजांची फौज निव्वळ पाखल्यांची नव्हती

गोव्यात चतुर्थीला घरी चार माणसं जमली की हे वाक्य कानावर पडतंच: 'साडेचारशे वर्षं गोऱ्या पाखल्यांच्या फौजेनं आमका दाबून धरले.' पाखले म्हणजे गोरे पोर्तुगीज. सत्तरी तालुक्यातल्या घरांतही हे ऐकलं की मला राहवत नाही, कारण खरा इतिहास त्याच मातीत घडला आहे.

पोर्तुगालहून येणारे सैनिक नेहमीच अपुरे पडत. समुद्रप्रवास काही महिन्यांचा, त्यात आजार आणि पळून जाणारेही बरेच. म्हणून अठराव्या शतकात पगारी स्थानिक शिपायांच्या तुकड्या उभ्या राहिल्या. 1871 साली या देशी लष्करानं बंड केलं, तेव्हा सरकारनं ते लष्करच मोडून टाकलं. लिस्बनहून राजाचा भाऊ फौज घेऊन आला.

पुढे पुन्हा भरती करावीच लागली. 1895 मध्ये मराठा शिपायांना मोझांबिकच्या लढाईवर जाण्याचा हुकूम झाला. परक्या मुलखात, समुद्रापार, बायकापोरं मागे टाकून! त्यांनी साफ नकार दिला, पणजी सोडली आणि थेट सत्तरीतल्या वाळपईजवळचा नाणूस किल्ला गाठला. पोर्तुगिजांविरुद्ध बंड करणाऱ्या सत्तरीच्या दीपाजी राणे यांनी 1852 मध्ये हाच किल्ला घेतला होता. आता सत्तरीच्याच राण्यांपैकी दादा राणे शिपायांना येऊन मिळाले. पुन्हा लिस्बनहून कुमक मागवावी लागली, पुन्हा राजाचाच भाऊ आला.

फौज फक्त गोऱ्यांची म्हटली, तर नाणूसला गेलेली ही आपली माणसं आपणच पुसून टाकतो. त्यांच्या हातातली बंदूक सरकारी होती, पण ती कुठे चालवायची नाही हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं.