उतारावरचं छोटं घर : पाण्याची वाट अडवू नका

उताराच्या जमिनीवर घर बांधायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला बेत जमीन सपाट करण्याचा असतो. वरची माती कापायची, ती खालच्या अंगाला पसरायची, की झाली जागा तयार. मोठ्या घराला कदाचित दुसरा इलाज नसेल. पण २०-३० चौरस मीटरच्या, चार दिवस निवांत राहण्यासाठी बांधलेल्या घरकुलाला हे विकतचं दुखणं आहे.

वरून एकसंध दिसणाऱ्या त्या सपाटीच्या पोटात दोन वेगळ्या जमिनी असतात. कापलेला भाग पिढ्यान्‌पिढ्या दबून घट्ट झालेला, तर भराव कालपरवा टाकलेला. भराव खचत जातो, कापलेला भाग जागचा हलत नाही आणि भिंतीला तडा जातो तो बहुधा या दोहोंच्या सांध्यावर. शिवाय घरामागे मातीचा कडा उभा राहतो, मूळ उतारापेक्षा जास्त उभा.

उतार मुळात टिकतो कशामुळे? मातीचे कण एकमेकांवर दाबले जातात आणि त्यातून निर्माण होणारं घर्षण त्यांना धरून ठेवतं. कोरड्या वाळूचा ढीग साधारण ३० ते ३५ अंशांपर्यंत उभा राहतो, तो या घर्षणाच्या जोरावर. कणांमधल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की वरच्या ओझ्याचा काही भाग ते पाणीच पेलू लागतं. कणाकणांतला दाब कमी होतो, त्याबरोबर घर्षणही. माती तीच, उतार तोच, तरी दरड कोसळते. अभियंते कार्ल तेर्झागी यांनी १९२०च्या दशकात मांडलेल्या या तत्त्वावर आजची मृदायांत्रिकी, म्हणजे माती भार कसा पेलते याचं शास्त्र, उभी आहे.

मातीचा कडा अडवून धरणाऱ्या आधारभिंतीचंही तेच. वाळूसर कोरड्या मातीचा आडवा दाब दर मीटर खोलीला सुमारे ६ किलोपास्कलनं (किलोपास्कल हे दाबाचं एकक) वाढतो. माती पाण्यानं तुडुंब भरली, की हाच आकडा १३च्या आसपास जातो. म्हणून भिंतीमागे खडीचा थर आणि भिंतीत पाणी निघून जायला भोकं हवीतच. उंचीचा हिशेब तर आणखी कठोर आहे : भिंत दुप्पट उंच केली तर मातीचा एकूण रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवू पाहणारा जोर आठपट. एका उंच भिंतीपेक्षा पुरेसं अंतर सोडून बांधलेल्या दोन बुटक्या भिंती म्हणूनच बऱ्या. घराच्या वरच्या अंगाला आडवा चर खणून वाहतं पाणी बाजूला वळवणं हे या सगळ्याच्या आधीचं काम. अशा घरांच्या छायाचित्रांत दरीवर झुकलेला सज्जा हमखास असतो, चर कधीच दिसत नाही!

छोट्या घराचा खरा फायदा म्हणजे ते हलकं असतं. त्याला जमिनीवर पसरून बसायची गरज नाही, मोजके खांब पुरतात. माती जागेवर राहते आणि पाणी घराखालून निघून जातं. आयर्लंडचे अंध अभियंते अलेक्झांडर मिचेल यांनी १८३३ साली जमिनीत फिरवून रुतवायच्या स्क्रू पाइलचं, म्हणजे टोकाला स्क्रूसारखं पातं असलेल्या खांबाचं, पेटंट घेतलं. वाळू-चिखलात दीपगृहं उभारायला वापरलेली ही युक्ती आज छोट्या घरांनाही चालते. खोदकाम जवळजवळ नाही, काँक्रीटही नाही. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ८ टक्क्यांच्या आसपास आहे, हे लक्षात घेतलं तर ही बचत किरकोळ नाही. मात्र जमिनीत मोठे दगड असतील तर स्क्रू पाइल रुतत नाही.

खांबांवरच्या घराची एक खोच आहे. उतारावर खांब लांब-आखूड होतात. खांबाची आडवी ताठरता लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते; म्हणजे निम्म्या लांबीचा, बाकी सारखाच असलेला खांब आठपट ताठर. भूकंपाच्या किंवा वादळाच्या आडव्या धक्क्यात सगळ्यात जास्त जोर त्या आखूड, दणकट वाटणाऱ्या खांबावर येतो आणि मोडतोही तोच आधी. उंच खांबांना तिरपे आधार देऊन ताठरता सारखी करावी लागते.

दृश्य मोकळं व्हावं म्हणून झाडं तोडण्याचा मोहही आवरावा. मुळं माती बांधून ठेवतात. झाड तोडल्यावर ती लगेच निकामी होत नाहीत, हळूहळू कुजतात. त्यामुळे दरड काही वर्षांनी कोसळते आणि तोवर तोडलेलं झाड कुणाला आठवत नाही.

उतार देतोही बरंच. घरापेक्षा १० मीटर उंचावर टाकी ठेवली, की नळाला सुमारे १ बार (साधारण हवेच्या दाबाइतका) दाब आपोआप मिळतो. २५ चौरस मीटर छपरावर १००० मिलिमीटर पाऊस म्हणजे २५,००० लिटर पाणी. अर्थात ते वरच्या टाकीत आपण होऊन चढणार नाही. दिवसा सौरपंपानं चढवावं लागेल. रात्री थंड, जड हवा उतारावरून घरंगळत दरीत साठते. म्हणून उताराचा मधला टप्पा बहुधा तळापेक्षा उबदार राहतो.

लहान घर लवकर थंड होतं, हेही खरं. ३ मीटरच्या घनाकृती खोलीत दर घनमीटर हवेमागे २ चौरस मीटर बाह्यपृष्ठ असतं, ६ मीटरच्या खोलीत १. खांबांवरच्या घराची तर फरशीही खालून वाऱ्याला उघडी. तिथं उष्णतारोधक थर नसेल, तर बाकी सगळा खटाटोप पायाखालून निसटतो.

सांडपाण्याचा शोषखड्डा घराच्या वर नको. खालच्या अंगालाही तो पायापासून लांब हवा, नाहीतर ज्या मातीला कोरडं ठेवायचं तिलाच आपण रोज भिजवतो. उतार फार उभा असेल तर मुरवलेलं पाणी थोड्या अंतरावर पुन्हा बाहेर झिरपतं. अशा जागी मैल्याचं खत करणारं कोरडं शौचालय घ्यावं. मग उरतं ते अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी; ते थोडं थोडं करून झाडांच्या वाफ्यांत सोडता येतं.