हवामान बदल आणि समाज (नाशिक जिल्हा)

माणसाच्या व्यवहारांमुळे हवामान बदलते आणि बदललेले हवामान त्याच व्यवहारांना नवे वळण लावते. हा दुहेरी संबंध नाशिक जिल्ह्यात शेताच्या बांधावर दिसतो. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात जळणारा कोळसा हरितगृह वायूंत भर घालतो. जिल्ह्याला बसणारे चटके मात्र साऱ्या जगाच्या धुराचे आहेत. एखादी गारपीट थेट हवामान बदलाच्या माथी मारता येत नाही. पण हवा १ अंश सेल्सिअसने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, आणि पाऊस कोसळतो तेव्हा झोडपून काढतो.

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाची खरड छाटणी (वेलीला नव्या काड्या फुटाव्यात म्हणून) साधारण एप्रिलमध्ये आणि फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते. फळछाटणीनंतर कोरडी हवा हवी. फुलोऱ्यात पाऊस आला तर डाऊनी हा बुरशीसारखा रोग आणि घडकुज. मण्यांत पाणी उतरल्यावर, म्हणजे ते पिकू लागल्यावर, आला तर मणी तडकतात आणि वर्षभराची मेहनत वेलीवरच आंबते. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील अवकाळीने हेच केले. निफाडला पारा घसरला की बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सोडतात. ज्यांना झेपते ते बागेवर प्लास्टिकचे आच्छादन टाकतात. हा खर्च लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि हवामान बदलाशी जुळवून घेण्याच्या चर्चेत नेमका तोच विसरला जातो.

पाण्याचेही तसेच. पावसाचा भरवसा उरला नाही म्हणून शेततळी वाढली. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. पावसाचे पाणी साठवणारे तळे उपकारक ठरते. परंतु प्लास्टिकचा कागद अंथरून ते विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरले, तर जमिनीखालचे पाणी उन्हात उघडे पडते, त्याची वाफ होते आणि शेजाऱ्याच्या विहिरीचा तळ दिसू लागतो. याउलट दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था पाणी मोजून घेतात आणि आपसांत वाटतात. अनिश्चित पावसाच्या काळात ही शिस्त कोणत्याही यंत्राइतकीच मोलाची आहे.

शहरात गोदावरीच्या पुराचे माप आजही नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात: पाणी गुडघ्याला, छातीला, गळ्याला. २०१६च्या एप्रिलमध्ये रामकुंड, म्हणजे गोदावरीतील स्नानाचे कुंड, कोरडे पडले होते. त्याच वर्षी ऑगस्टच्या पुरात मारुती बुडाला.