भुकेचे ‘केंद्र’: एका शब्दाची पार्श्वभूमी

वजन उतरवणारी, आठवड्यातून एकदा टोचायची इंजेक्शने २०२५मध्ये भारतात आली आणि नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यांत भुकेविषयी वेगळे प्रश्न विचारले जाऊ लागले. ही औषधे स्वादुपिंडाला मदत करतात, हे रुग्णाला ठाऊक असते. त्यांनी भूक कशी मरते, याचे उत्तर मात्र बरेचसे मेंदूत आहे.

१८४९मध्ये एका फ्रेंच शास्त्रज्ञाने सशाच्या मेंदूच्या मागच्या भागात, चौथ्या पोकळीच्या तळाशी सुई टोचली, तेव्हा सशाच्या लघवीत साखर उतरली. १९२१मध्ये रक्तातली साखर ताब्यात ठेवणारे इन्सुलिन हाती आले आणि साखरेच्या कारभारातला मेंदूचा वाटा विस्मरणात गेला.

पुढचा घोळ ‘केंद्र’ या एका शब्दाने घातला. १९४०मध्ये उंदरांच्या हायपोथॅलॅमसच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या भागाच्या, मधल्या बाजूला इजा केली, तर ते फुगले. १९५१मध्ये बाजूच्या भागाला इजा केली, तर समोर अन्न असूनही त्यांनी खाणे सोडले. या दुसऱ्या प्रयोगात एक भारतीय संशोधक होता. मग एक जागा ‘तृप्ती केंद्र’ ठरली, दुसरी ‘भूक केंद्र’, आणि वैद्यकाच्या पिढ्यांनी तेच पाठ केले.

माझ्या मते ही नावे घाईने दिली गेली. कोराडीचे वीज केंद्र धडधडत असतानाही वाटेतली तार तुटली तर वस्तीत अंधार होतो. उंदरांतही तसेच घडले होते. १९७०च्या दशकात कळले की बाजूच्या इजेत तिथून जाणारे, डोपामाइन या रसायनातून निरोप देणारे तंतूही तुटत होते. नुसते ते तंतू नष्ट केले, तरी उंदीर खाणे सोडत. आणि ‘तृप्ती’ गमावलेल्या उंदरांना इतरांइतकेच मोजून अन्न दिले, तरी त्यांच्यात चरबी जास्त साठे. रक्तात इन्सुलिन वाढलेले असे; मेंदूतून पोटाकडे जाणारा व्हेगस मज्जातंतू कापला की लठ्ठपणा उतरे. म्हणजे बिघाड नुसत्या खाण्यात नव्हता, साखरेच्या कारभारातही होता. ‘तृप्ती’ या नावाने ते झाकले गेले. जाड माणसाला ‘जिभेवर ताबा ठेवा’ एवढेच सांगितले जाते, त्यात या नावाचाही वाटा आहे, असे मला वाटते.

१९९४मध्ये चरबीतून मेंदूला निरोप देणारे लेप्टिन सापडले आणि लक्ष जागांवरून पेशींवर आले. हायपोथॅलॅमसच्या तळाशी भूक पेटवणाऱ्या एजीआरपी पेशी आहेत, शेजारीच भूक शमवणाऱ्या. २००५मध्ये प्रौढ उंदरांतल्या एजीआरपी पेशी मारल्या, तर ते उपासमारीने खंगले. २०११मध्ये त्याच पेशी प्रकाशाने चेतवल्या, तर पोट भरलेला उंदीरही काही मिनिटांत अन्नावर तुटून पडला. २०१५मध्ये दिसले की अन्न नुसते नजरेस पडताच, पहिल्या घासाआधीच, त्या शांत होऊ लागतात. पुढच्या वर्षी आणखी महत्त्वाचे कळले: या पेशी चेतवल्या की शरीर इन्सुलिनला कमी दाद देते. भूक आणि साखर, दोन्हींचा हिशेब तिथेच.

आजच्या इंजेक्शनांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी हायपोथॅलॅमसमध्येही आहेत आणि मेंदूच्या मागच्या भागातही, त्याच चौथ्या पोकळीच्या तळाशी, जिथे १८४९मध्ये सुई टोचली होती.