पेपर परत आला, बरं झालं!

संशोधक आपला पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापण्यासाठी जर्नलकडे (संशोधन छापणाऱ्या नियतकालिकाकडे) पाठवतो. चार-पाच महिने वाट पाहिल्यावर एके दिवशी संपादकांचा ईमेल येतो. ‘आपला शोधनिबंध आहे तसा स्वीकारता येणार नाही. तीन समीक्षकांचे अभिप्राय सोबत जोडले आहेत.’ बाहेरच्या कुणी तो वाचला तर त्याला वाटेल, झालं, नापास! संशोधक मात्र हरखतो. खाली ‘मेजर रिव्हिजन’ असे दोन शब्द असतात आणि त्यांचा अर्थ त्याला नीट ठाऊक असतो: भरपूर कष्ट घ्या, पण परत या.

त्याहून वाईट निकाल दोन-चार दिवसांतच येतात. पेपर आला की संपादक तो आधी स्वतः चाळतो. विषय आपल्या जर्नलमध्ये बसतो का, सांगण्यासारखं नवं काही आहे का, मजकूर कुठून उचललेला तर नाही ना, एवढं पाहून बरेचसे पेपर तिथूनच परत जातात. याला ‘डेस्क रिजेक्ट’ म्हणतात. मोठ्या नावाच्या जर्नलांत ही चाळणी फार बारीक असते.

त्यातून पेपर निभावला की संपादकाची खरी धावपळ सुरू होते ती समीक्षक शोधण्याची. त्याच विषयात काम करणारे दोन-तीन जण हवेत, ते लेखकाचे मित्र किंवा सहकारी नकोत, आणि त्यांना सवडही हवी. या कामाचे बहुतेक ठिकाणी पैसे मिळत नाहीत, म्हणून नकार भराभर येतात. पेपर महिनोन्‌महिने ‘अंडर रिव्ह्यू’ दिसतो, तेव्हा अनेकदा तो कुणी वाचतच नसतो. वाचणारा अजून सापडायचा असतो. लेखकाला समीक्षकाचं नाव सहसा कळत नाही. काही जर्नलांत समीक्षकालाही लेखकाचं नाव कळू देत नाहीत.

समीक्षक प्रयोग पुन्हा करून पाहतो, असा एक समज आहे. तो तसं करत नाही. त्याच्यापुढे असतो फक्त कागद, आणि त्याची हत्यारं म्हणजे प्रश्न. समजा, आकृतीत दोन स्तंभ आहेत: एक औषध दिलेल्या उंदरांचा, दुसरा न दिलेल्यांचा. प्रत्येक स्तंभाच्या टोकावर एक बारीक उभी रेघ आहे. अनुभवी समीक्षक आधी त्या रेघेवर बोट ठेवतो. ही रेघ प्रमाण विचलन (एकेका उंदराचा आकडा सरासरीपासून साधारण किती दूर आहे) दाखवते की प्रमाण त्रुटी (ती सरासरीच किती डळमळीत आहे)? आकृतीखाली लिहिलेलंच नाही. प्रश्न किरकोळ वाटतो, पण तसा नाही. प्रमाण विचलनाला उंदरांच्या संख्येच्या वर्गमुळानं भागलं की प्रमाण त्रुटी मिळते, म्हणून एका गटात 25 उंदीर असतील तर ती प्रमाण विचलनाच्या एक पंचमांश भरते. त्यामुळे उंदरा-उंदरांमध्ये कितीही फरक असला तरी रेघ आखूड दिसते आणि आकडे मोठे शिस्तीत असल्याचा भास होतो. अशा पंधरा-वीस प्रश्नांना लेखक मुद्देवार उत्तरं देतो. ‘या मौलिक सूचनेबद्दल समीक्षकांचे आभार’ हे वाक्य पुष्कळदा दातओठ खाऊन लिहिलेलं असतं. काही समीक्षक स्वतःच्याच जुन्या पेपरांचे संदर्भ घालायला सांगतात, तेव्हा तर जास्तच.

मग यातून चुका सापडतात का? थोड्याफार. 1998 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या संपादकांनी आपल्याच समीक्षकांची परीक्षा घेतली होती. एका पेपरात मुद्दाम आठ दोष पेरून तो 420 समीक्षकांकडे पाठवला. ज्यांचे अभिप्राय आले त्यांनी सरासरी दोनच दोष पकडले. लबाडी तर आणखी अवघड. आकडे रचलेलेच असतील तर कागदावर ते खऱ्यासारखेच दिसतात. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा, जेमतेम 12 मुलांवर बेतलेला पेपर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमध्ये 1998 साली छापला गेला, तो मागे घ्यायला 2010 उजाडलं.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. छापण्याआधी पेपर समीक्षकांकडून तपासून घ्यायची ही पद्धत (‘पीअर रिव्ह्यू’) वाटते तेवढी जुनी नाही. पहिली विज्ञान नियतकालिकं 1665 मधली, पण ‘नेचर’ या नामांकित जर्नलनं प्रत्येक पेपर बाहेरच्या समीक्षकांना दाखवायचा नियम केला तो 1973 च्या सुमारास. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन-क्रिक यांचा 1953 चा पेपर अशा समीक्षेविनाच छापला गेला होता.

त्यामुळे 1936 साली आईन्स्टाईन का भडकले, हे समजू शकतं. गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळात उठणारे तरंग) अस्तित्वातच नाहीत, असा निष्कर्ष काढून त्यांनी आणि त्यांचे सहकारी नेथन रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पेपर पाठवला. संपादक जॉन टेट यांनी तो एका तज्ज्ञाला दाखवला आणि त्याचा दहा पानी अभिप्राय आईन्स्टाईनना धाडला. आम्ही पेपर छापायला दिला होता, छापण्याआधी इतरांना दाखवायची परवानगी दिली नव्हती, अशा आशयाचं पत्र लिहून आईन्स्टाईननी तो परत घेतला आणि दुसऱ्या जर्नलला दिला. पण अभिप्राय बरोबर होता. 1937 मध्ये पेपर छापून आला तेव्हा निष्कर्ष उलटा झालेला होता. ‘फिजिकल रिव्ह्यू’ला त्यांनी नंतर एकही संशोधन दिलं नाही.

तो समीक्षक होता भौतिकशास्त्रज्ञ हॉवर्ड रॉबर्टसन. पुढे प्रिन्स्टनला आईन्स्टाईन यांच्या सहायकाशी गप्पा मारताना त्यानं ती चूक पुन्हा दाखवून दिली, मात्र अभिप्राय आपलाच होता याचा थांगपत्ता लागू दिला नाही. जर्नलच्या जुन्या नोंदवहीतलं त्याचं नाव लोकांसमोर आलं 2005 साली.