पार्श्वभूमी : जिद्दीच्या कविता आणि तोडून घेतलेल्या ओळी

चिकाटीची थोरवी सांगायची म्हटली की मराठी माणसाच्या तोंडी पहिली ओळ येते ती 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे'. शाळेच्या भिंतीवर ती असते, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत असते, निरोप समारंभाच्या भाषणात तर असतेच. मूळ श्लोक चार ओळींचा आहे. वाळू रगडून तेल निघेल, मृगजळ पिऊन तहान भागेल, रानात हिंडता हिंडता सशाचं शिंगही हाती लागेल, 'परंतु मूर्खाचे हृदय धरवेना क्षणभरी'. भर्तृहरीच्या नीतिशतकातला, हटवादी मूर्खाबद्दलचा हा श्लोक सतराव्या शतकात वामन पंडितांनी मराठीत आणला. प्रयत्नाची महती गाण्यासाठी तो रचलेलाच नाही. काही ठिकाणी प्रयत्न वाया जातात, तिथे हात टेकावेत, असं तो सांगतो. पण पहिली ओळ सुटी झाली, म्हणीच्या रांगेत जाऊन बसली आणि चौथीची कुणाला आठवणही राहिली नाही.

मराठीतल्या जिद्दीच्या कवितेचा इतिहास बराचसा अशा तोडून घेतलेल्या ओळींचा आहे.

तुकोबांचं त्या मानाने बरं झालं. 'असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास तुका म्हणे' ही ओळ सुटी वापरली तरी अर्थाला धक्का लागत नाही. त्याच अभंगातली 'ओले मूळ भेदी खडकाचे अंग' ही प्रतिमा मात्र फारशी कुणी उचलत नाही, आणि खरी ताकद तिथे आहे. मूळ कोवळं आहे, ओलं आहे, आणि तेच खडक फोडतं. हे लिहिणाऱ्याने १६३०च्या सुमाराचा दुष्काळ घरात पाहिला होता. 'स्त्री एकी अन्न अन्न करिता मेली' हे त्याचेच शब्द. अभ्यासिकेच्या भिंतीवर 'असाध्य ते साध्य' असतं, ही ओळ नसते. भिंतीला ती झेपणारीही नाही.

मधली शतकं ओलांडून थेट विसाव्यात येऊ, कारण आज ज्याला आपण सरसकट 'प्रेरणादायी कविता' म्हणतो तो ऐवज तिथला आहे. केशवसुतांच्या १८९३च्या 'तुतारी'ने आवाहनाचा सूर लावून दिला होता. १९४२ साली कुसुमाग्रजांचा 'विशाखा' हा संग्रह आला आणि त्यातल्या कोलंबसाने समुद्रालाच पामर ठरवलं. तेव्हाचं संकट राजकीय होतं, शत्रू समोर दिसत होता, त्यामुळे कवितेची भाषाही ललकारीची. तिचे वाचक तुरुंगात जात होते किंवा जाणाऱ्यांना पोहोचवायला येत होते. ती कविता त्या काळातून उचलून आजच्या सेल्स टीमच्या बैठकीत वाचली की थोडी विनोदी वाटते, पण तो दोष कवितेचा नाही.

त्याच कवीची 'कणा' मात्र वेगळ्या जातीची आहे, आणि तिच्यावर जरा थांबायला हवं. कारण गेल्या वीसेक वर्षांत मराठीत 'खचू नका' म्हणायचं असेल तेव्हा हीच कविता पुढे केली जाते. ती पाठ नाही असा माणूस विरळा, त्यामुळे पूर्ण देत बसत नाही.

कविता नाशिकची आहे हे विसरलं जातं. तिथे गोदावरीला गंगा म्हणतात आणि पूर मोजतात तो नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं की गळ्याशी गेलं, अशी ती भाषा. १९६९च्या सप्टेंबरातला महापूर जुने नाशिककर अजून पट्टीसारखा वापरतात. नदी हे तिथे घरचं माणूस आहे, म्हणून कवितेतला, पुरात घर गेल्यावर आपल्या जुन्या सरांकडे आलेला माजी विद्यार्थी पुराबद्दल बोलताना शिव्याशाप देत नाही. गंगामाई पाहुणी आली, माहेरवाशिणीसारखी चार भिंतींत नाचली, रिकाम्या हाताने कशी जाईल, बायको तेवढी वाचली. हा विनोद आहे, काळाकुट्ट पण विनोदच. काव्यवाचन स्पर्धेत पोरं तो गळा दाटून म्हणतात, परीक्षक डोळे पुसतात आणि विनोद वाहून जातो. भिजलेल्या कपड्यांनी आलेला माणूस हसतो आहे, हे कवीने दोनदा लिहिलं आहे.

आता वादाची जागा. विद्यार्थ्याचं बोलणं ऐकून सरांचा हात खिशाकडे जातो, आणि तो उठतो. पैसे नकोत, जरा एकटेपणा वाटला, पाठीवर हात ठेवून नुसतं 'लढ' म्हणा. या शेवटावरून दोन तट आहेत. एक म्हणतो, हा स्वाभिमानाचा कळस आहे, मदतीवर जगणाऱ्यांनी शिकावं. दुसरा म्हणतो, ही कविता राज्यकर्त्यांना फार सोयीची पडते; आपत्तीग्रस्तच पैसे नको म्हणत असेल तर तिजोरी निवांत.

दोघंही सरांचा हात विसरतात असं माझं मत आहे. हात आधी खिशाकडे गेला आहे. तो गेला म्हणून नकार देता आला. देणाऱ्याने काढलेले पैसे नाकारणं हा स्वाभिमान, आणि खिशाला हात न लावता समोरच्याला 'लढ' सांगणं हा चोरटेपणा, आणि कवितेत पहिलं आहे, दुसरं नाही. शिवाय तो माणूस लढायची प्रेरणा घ्यायला आलेलाच नाही. तो येतो तेव्हा पडकी भिंत बांधणं, चिखलगाळ काढणं सुरूच आहे, बायको सोबतीला आहे. त्याला हवी आहे ती सोबत. 'मोडला नाही कणा' एवढंच छापून पाठीवर हात ठेवण्याची गोष्ट गाळली, की परस्परांच्या आधाराची कविता एकट्याच्या पराक्रमाची होऊन बसते.

ही काटछाट पुरागणिक पाहायला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर 'मुंबईकरांचं स्पिरिट' हा शब्दप्रयोग इतका वापरला गेला की मुंबईकरच वैतागले. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं. तेव्हा मोफत गहू-तांदूळ मिळण्यासाठी क्षेत्र दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली असण्याची अट घालणारा शासन निर्णय गाजला. नेमक्या त्याच दिवसांत 'नुसतं लढ म्हणा' मोबाइलवर फिरत होतं, मदतीच्या ट्रकवरच्या बॅनरवरही होतं. २०२१ला चिपळूण, २०२५च्या सप्टेंबरात सीनाकाठ आणि मराठवाडा. ओळ तीच. गाळ काढणाऱ्या स्वयंसेवकांनी ती म्हटली तर ती कवितेला धरून आहे, कारण त्यांच्या हातात फावडं असतं. पंचनामा रखडवणाऱ्याने म्हणू नये एवढंच.

पाठ्यपुस्तकांनी या प्रकाराला हातभार लावला असं म्हटलं तर पुस्तक करणाऱ्यांवर थोडा अन्याय होईल, कारण निवड पुष्कळदा चांगली असते. २०१८ला आलेल्या दहावीच्या कुमारभारतीत गिरणगावच्या कामगार कवीची 'दोन दिवस' होती आणि 'खोद आणखी थोडेसे' ही आजच्या कवयित्रीची कविताही. पहिलीत भाकरीचा चंद्र शोधता शोधता जिंदगी बरबाद झाल्याचं सरळ सांगितलं आहे. गाइडात मात्र तिचा मध्यवर्ती विचार 'संकटांवर मात करण्याची जिद्द' या साच्याचा निघतो. आयुष्य भट्टीतल्या पोलादासारखं छान शेकलं असं कवी म्हणतो, त्या 'छान'मधला उपरोध रसग्रहणाच्या उत्तरात कुठे बसवायचा, हे पोरांना कुणी सांगत नाही.

दुसरी कविता खाली पाणी असतंच असा दिलासा देते. पुण्या-ठाण्याच्या वर्गात ती एक सुंदर प्रतिमा आहे आणि कवितेला तेवढंच अभिप्रेत आहे. बीड-लातूरकडच्या वर्गात मात्र समोर बसलेल्या पोराच्या घरी बोअर मारून झालेली असते. तामिळनाडू पासिंगची गाडी रात्रभर धडधडते, दर फुटामागे लागतो, बाप दर काही फुटांनी 'अजून थोडं' म्हणतो आणि वर काळ्या कातळाची कोरडी भुकटी येत राहते. तिथे शिकवणाऱ्या एका गुरुजींनी हा फरक वर्गात बोलून दाखवला आणि मग कविता शिकवली. मला ती पद्धत पटते.

अलीकडची भर आहे ती स्पर्धा परीक्षांच्या जगाची. पुण्यातल्या पेठांत भाड्याच्या खुर्च्यांसमोर आता मराठी ओळींच्या बरोबरीने 'कोशिश करने वालों की हार नहीं होती' चिकटवलेली दिसते. ज्या हरिवंशराय बच्चन यांच्या नावावर ती खपते त्यांच्या मुलानेच ती वडिलांची नसल्याचं जाहीरपणे सांगितलं आहे. ती सोहनलाल द्विवेदी या राष्ट्रीय वृत्तीच्या कवीची मानली जाते. तरी नाव काही बदलत नाही. मराठीतही हेच चालतं. कुणाचीही यमक जुळवलेली चार कडवी खाली मोठं नाव टाकून फिरतात, आणि त्यातली निम्मी 'कणा'च्या कवीच्या माथी मारलेली असतात. २७ फेब्रुवारीला, त्याच्या जन्मदिनी, हा पूर सर्वात मोठा असतो.