एका दोरीचा रीफ : छोट्या शिडाच्या बोटीवर बसवणी आणि वापर

मार्च-एप्रिलमधला कुठलाही रविवार घ्या. सकाळी गेटवेसमोरच्या मुरिंगवरून (बोट बांधून ठेवायच्या जागेवरून) निघालात तेव्हा जमिनीकडून येणारा मतलई वारा नुकताच पडलेला असतो, पाणी संथ असतं. दुपारी वायव्येकडून खारा वारा भरायला लागतो आणि बोट मांडव्याकडे मजेत उतरते. वारा पाठीशी असल्यामुळे त्याचा जोर अंगाला कळत नाही. मांडव्याला जेवून परत फिरलात की तोच वारा तोंडावर येतो. आता बोटीचा वेगही वाऱ्यात मिळतो, बोट कलते, टिलर (सुकाणूचा दांडा) जड होतो. त्यातून ओहोटीचं पाणी वाऱ्याच्या उलट बाहेर पडत असेल, तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. नेमक्या अशा वेळी कुणीतरी उठून पुढे डोलकाठीपाशी जायचं, एका हातानं बोट धरायची आणि दुसऱ्या हातानं शीड खाली ओढून आकड्यात अडकवायचं.

वारा वाढल्यावर शीड असं खालून लहान करणं म्हणजे रीफ घेणं. हे पुढे जाणं वाचवण्यासाठी एका दोरीचा रीफ असतो. शिडाची पुढची आणि मागची अशी दोन्ही टोकं एकच दोरी खाली आणते आणि ती दोरी कॉकपिटमध्ये (बोटीच्या मागच्या बसायच्या जागेत) बसून ओढता येते. आम्ही शिडं शिवतो, दोऱ्या-कप्प्या बसवतो. 22 ते 28 फुटी बोटींचे मालक आमच्याकडे येतात तेव्हा या एका विषयावर सगळ्यात जास्त बोलणं होतं, म्हणून हे पत्रक.

रीफ घ्यायचाच कशाला?

शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गानं वाढतो. 12 नॉटचा वारा 17 नॉट झाला तर आकडा थोडाच वाढलेला दिसतो, पण शिडावरचा जोर दुप्पट होतो. बोट 25 अंशांपलीकडे कलली की वेगही वाढत नाही. ती नुसती आडवी सरकत राहते आणि सारखं वाऱ्याकडे तोंड फिरवायला बघते. टिलर दोन्ही हातांनी धरावा लागला, तर रीफला आधीच उशीर झालाय असं समजा.

कोकणातल्या जुन्या गलबतांवर तिरक्या परबाणाचं (शीड टांगायच्या आडकाठीचं) मोठं शीड असे. वारा वाढला की परबाण खाली घेऊन ते शीड काढायचं आणि धाकटं चढवायचं. त्याला खलाशी भरपूर लागत. आपल्या बोटीवर तुम्ही आणि घरातलं एखादं माणूस, एवढीच मंडळी असते. तेव्हा तेच शीड खालून गुंडाळून लहान करणं आपल्याला परवडतं.

त्यानं किती फरक पडतो ते एका उदाहरणात पाहा. शिडाची डोलकाठीकडची कड 8 मीटर, बूमवरची (शिडाच्या तळाच्या आडव्या काठीवरची) कड 3 मीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 12 चौरस मीटर. पहिला रीफ 1.2 मीटरचा घेतला तर उरतात 8.7 चौरस मीटर. पाव भागाहून थोडं अधिक शीड कमी झालं, आणि जोराचा मध्य खाली आल्यामुळे कलणं त्याहूनही जास्त कमी होतं.

दोरी कुठून कुठे जाते

बोटीच्या मागच्या बाजूनं सुरुवात करू. दोरीचं एक टोक बूमभोवती घेऊन बोलाइन गाठीनं बांधायचं. तिथून दोरी वर शिडाच्या मागच्या कडेवरच्या रीफच्या कडीत जाते, कडीतून उतरून बूमच्या शेवटच्या चाकावरून बूमच्या पोटात शिरते आणि आतून पुढे येते. बूम डोलकाठीला जोडला जातो तिथे ती बाहेर पडते, पुन्हा वर चढून पुढच्या कडेवरच्या रीफच्या कडीतून वळते, मग सरळ खाली डोलकाठीच्या पायथ्याच्या कप्पीत. तिथून डेकवरून मागे येऊन क्लचमधून (दोरी पकडून ठेवणाऱ्या खटक्यातून) विंचपर्यंत (दोरी ओढायच्या फिरत्या ढोलापर्यंत). शिडाची खालची कड बूमच्या खाचेत सरकवलेली असेल, तर दोरी बूमभोवती घ्यायला शिडात आणखी एक छोटं भोक लागतं. ते आम्ही चामड्याची पट्टी लावून करून देतो.

बूमभोवतीची गाठ कुठे बसवायची यावर सगळं शीड अवलंबून असतं, आणि चुकाही इथेच सर्वांत जास्त होतात. शीड वर निमुळतं असतं, म्हणून रीफ घेतल्यावर त्याचं मागचं टोक बूमच्या टोकापाशी राहत नाही, पुढे सरकतं. वरच्या उदाहरणात ते तब्बल 45 सेंटिमीटर पुढे येतं. दोरीचे दोन्ही पदर बूमच्या टोकाकडेच गेले तर शीड मागे ताणलं जाईल, पण खाली बसणार नाही. कडेला पोट सुटेल, आणि लहान करून पुन्हा फुगलेलं शीड हे पूर्ण शिडापेक्षाही वाईट. गाठ फार पुढे गेली तर उलट होतं : कडी खाली बसते, पण शिडाचा तळ सैल राहतो. कडी जिथे टेकणार त्या जागेच्या किंचित मागे गाठ हवी. मग एक पदर खाली खेचतो, दुसरा मागे. बंदरात वारा नसताना रीफ घेऊन बघा, गाठ दोन-चार सेंटिमीटर पुढेमागे सरकवा, शीड सपाट बसलं की तिथे बूमवर रंगाची खूण करा. गाठ सरकू नये म्हणून आम्ही बूमखाली एक लहान पट्टा रिव्हेटनं बसवतो.

घर्षण

या पद्धतीचा खरा शत्रू घर्षण आहे. कॉकपिटपर्यंत येताना दोरी पाच मोठी वळणं घेते. समजा प्रत्येक वळणावर पाचवा हिस्सा जोर खर्ची पडला, तर पाच वळणांनंतर तुमच्या हातचा जेमतेम एक तृतीयांश जोर शिडाच्या मागच्या टोकाला पोहोचतो. पुढचं टोक खाली येऊन बसतं आणि मागचं हातभर वर फडफडत राहतं. तेच नुकसान वळणामागे विसावा हिस्सा इतकं कमी केलं, तर तीन चतुर्थांशाहून जास्त जोर शेवटपर्यंत जातो. काम तेच, दोरी तीच, फक्त वळणं बदलली.

म्हणून दोरी शिडातल्या कडीतून नुसती ओवू नका. त्या दोन्ही कड्यांना एकेक कप्पी शिवून घ्या, शक्यतो बॉल बेअरिंगची. खर्च थोडा वाचवायचा असेल तर गुळगुळीत ॲल्युमिनियमची रिंग, जिला चाक नसतं पण कड गोल असते, तीही चालते. मात्र ती मागच्या टोकाला लावा आणि पुढे कप्पीच ठेवा. बूमच्या टोकाची जुनी प्लास्टिकची चाकं मिठानं घट्ट बसलेली असतात. हातानं फिरवून बघा, फिरली नाहीत तर बाकी कशावरही पैसे घालण्याआधी ती बदला. दोरी डोलकाठीच्या ज्या बाजूनं वर जाते त्याच बाजूनं खाली येऊ द्या. आडवी ओलांडली तर शिडाच्या घडीत अडकते.

दोरी 8 मिलिमीटरची पुरते. आत डायनीमा या मजबूत कृत्रिम धाग्याचा गाभा आणि वर पॉलिस्टरचं कवच असलेली घ्या : ताणत नाही, हाताला बोचत नाही. जाड दोरी मजबूत वाटते, पण कप्पीत घासते आणि जड होते. 6 मिलिमीटरची हलकी चालते खरी, पण ओल्या हातांना कापते. नायलॉन नको, ते ताणतं. मासेमारीच्या जाळ्यांसाठी मिळते ती प्लास्टिकची दोरी तर अजिबात नको. ती ताठर असते आणि आपल्या उन्हात तिचे तंतू सुटतात.

लांबी मोजताना सगळे कमी धरतात. पूर्ण शीड चढवलेलं असताना दोरी मागे वर-खाली आणि पुढे वर-खाली गेलेली असते हे विसरू नका. आपल्या उदाहरणात मागे 2.6 मीटर, बूम 3, पुढे 2.4, तिथून डेकपर्यंत 1, डेकवरून क्लचपर्यंत 2, बूमभोवतीची गाठ अर्धा मीटर आणि हातात धरायला 2. एकूण साडेतेरा, म्हणून आम्ही 14 मीटर देतो. रीफ घेतला की यातली सुमारे 5 मीटर दोरी कॉकपिटमध्ये जमा होते. तिला बसायला पिशवी हवीच. नाहीतर ती पायात येते, किंवा इंजिन चालू असताना पाण्यात जाऊन पंख्याला गुंडाळते.

प्रत्यक्ष रीफ घेताना

पहिल्यांदा हे मुरिंगवर करा, शांत सकाळी, दहा वेळा. हॅलियार्ड (शीड वर चढवायची दोरी) किती खाली सोडायची त्याची खूण तेव्हाच करून घ्या. शाई पुसली जाते, क्लचपाशी येणाऱ्या जागी रंगीत दोऱ्यानं चार टाके घाला. ही खूण नसली तर समुद्रात अंदाजानं काम होतं, आणि अंदाज नेहमी कमीच पडतो.

समुद्रात असताना बोट वाऱ्याच्या जवळ आणा, पण नाक पूर्ण वाऱ्यात घालू नका. जिब (पुढचं लहान शीड) भरलेली राहू द्या, म्हणजे बोट चालत राहील आणि सुकाणू हातात राहील. एकटे असाल तर जिब उलट्या बाजूला धरून बोट थोपवणं सर्वांत शांत. आता मेनशीट (बूम आत-बाहेर घ्यायची दोरी) सोडा, शीड फडफडू द्या. मग किकर (बूम खाली धरून ठेवणारा ताण) सोडा. हे हटकून विसरतं. किकर ताणलेला असेल तर बूम वर उठू शकत नाही, आणि तुम्ही विंचवर सगळा जोर किकरशी भांडण्यात घालवता. टॉपिंग लिफ्ट (बूमचं टोक वरून तोलणारी दोरी) थोडी ताणून ठेवा, नाहीतर बूम खाली येऊन कुणाच्या तरी डोक्याला लागेल.

हॅलियार्ड खुणेपर्यंत सोडून क्लच बंद करा. रीफची दोरी हातानं भराभर ओढा, सुरुवातीची बरीचशी सैलच येते. पुढची कडी बूमपाशी आली की विंचवर घ्या आणि नजर विंचवरून काढून मागच्या कडीकडे लावा. ती बूमला टेकली, शिडाचा तळ सपाट झाला, की थांबा. मग हॅलियार्ड ताणा, डोलकाठीच्या बाजूला उभी सुरकुती दिसेपर्यंत. दोरी एकच असल्यामुळे पुढे हॅलियार्डनं जे वर खेचलं ते मागून घेतलं जातं, म्हणून शेवटी रीफच्या दोरीवर पुन्हा एकदा हात ठेवून बघा. पुढची कडी वीतभर वर गेली असेल तर तुमची खूण जरा वर पडली आहे. किकर ताणा, टॉपिंग लिफ्ट सैल करा, मेनशीट घ्या. सराव झाला की हे सगळं दोनेक मिनिटांत होतं.

पुढची कडी खालीच येत नसेल तर दोरीला दोष देण्याआधी डोलकाठीच्या खाचेकडे बघा. शिडाचे सरकते तुकडे एकावर एक रचले जातात आणि कडीला खाली यायला जागाच उरत नाही. खालचे दोन-तीन तुकडे शिडाला दोरीनं सैल जोडून दिले की हा त्रास जातो.

खाली लोंबणारं शीड नाड्यांनी बांधायचं ते फक्त आवरण्यासाठी. नाड्या सैल बांधा, तळ सुटा असेल तर शीड आणि बूम यांच्या मधून घ्या. त्यांच्यावर भार पडता कामा नये. रीफ सोडताना सगळ्यात आधी नाड्या सोडायच्या, मग मेनशीट आणि किकर, मग रीफचा क्लच, आणि त्यानंतरच हॅलियार्ड. आमच्या मशीनवर शिवायला येणाऱ्या फाटक्या शिडांमध्ये एक ओळखीची जखम असते : मधल्या एका नाडीच्या भोकापासून निघालेली आडवी फाट. एक नाडी बांधलेली राहते, विंचवर कुणीतरी जोर लावतं, आणि नवं कोरं शीडही टिकत नाही. नाड्या मोजून बांधा, मोजून सोडा. हॅलियार्ड चढवताना दुसऱ्यानं बूमपाशी रीफची दोरी हातानं सोडवत राहिलं, तर शीड अडखळत नाही.

कुणी बसवू नये

बोट 20 फुटांच्या आतली असेल आणि कॉकपिटमधून हात लांब केल्यावर डोलकाठी हाताला लागत असेल, तर एका दोरीच्या भानगडीत पडू नका. पुढे साधा आकडा, मागे एक दोरी. कमी वळणं, कमी खर्च, बिघडायला काही नाही. असे ग्राहक आले की आम्ही हेच सांगतो आणि आकडा बसवून परत पाठवतो. मोठ्या बोटीवर पहिला रीफ एका दोरीनं घ्या. दुसरा रीफ खोल असतो, दोरी फार लांब होते आणि घर्षण वाढतं. तिथे पुढच्या आणि मागच्या टोकाला दोन वेगळ्या दोऱ्या आम्हाला जास्त भरवशाच्या वाटतात, जरी त्यासाठी कॉकपिटमध्ये एक क्लच जास्त लागला तरी.

मोजमाप घेऊन येताना

डोलकाठीपासून बूमच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही कडांवर रीफच्या कड्यांची बूमपासूनची उंची, डोलकाठीच्या पायथ्यापासून क्लचपर्यंतचं अंतर. एवढं लिहून आणा. बूमच्या दोन्ही टोकांचे मोबाइलवर फोटो काढा, आतली चाकं दिसतील असे. शीड शक्य असेल तर सोबत आणा, घडी कशीही असली तरी चालेल.

हंगामात महिन्यातून एकदा कप्प्यांवर गोडं पाणी ओता आणि चाकं हातानं फिरवा. तेल घालू नका, त्यात रेती आणि मीठ चिकटतं. मे अखेर बोट वर ओढाल तेव्हा दोरी बूममधून काढा, पण काढण्याआधी तिच्या टोकाला सुतळी शिवून जोडा आणि दोरीबरोबर ती सुतळी आत ओढून दोन्ही टोकांना बांधून ठेवा. दोरी बादलीत गोड्या पाण्यात रात्रभर भिजवून सावलीत वाळवा. पावसाळा संपल्यावर त्याच सुतळीनं ती पुन्हा आत ओढा, मात्र या खेपेला उलट्या टोकानं, म्हणजे क्लचमध्ये घासलेला भाग बूमच्या गाठीकडे जाईल आणि दोरी आणखी एक-दोन हंगाम काम देईल.