अमेरिकेतला 'चाइल्ड अ‍ॅडव्होकेट' वकील नसतो

नावाआधी 'अ‍ॅड.' दिसलं की वकील, ही आपली सवय. त्यामुळे अमेरिकेच्या सीमेवर आईवडिलांविना सापडलेल्या मुलाला 'चाइल्ड अ‍ॅडव्होकेट' मिळाला म्हटलं की वाटतं, चला, वकिलाची सोय झाली. झालेली नसते.

वकील मुलाचं म्हणणं मांडतो. पक्षकार सात वर्षांचा असला तरी पक्षकारच, मामा-काकांच्या सूचनांवर वकील चालत नाही. आश्रयाचा अर्ज, तारखा, युक्तिवाद ही कामं त्याची. मात्र त्याची फी भरायला सरकार बांधील नाही. 2008 च्या मानवी तस्करीविरोधी कायद्यात वकील 'शक्य तितका' मिळावा, एवढंच म्हटलंय.

अ‍ॅडव्होकेटची तरतूदही त्याच कायद्यातली. तस्करीला बळी पडलेल्या किंवा इतर कारणाने जास्त असुरक्षित असलेल्या मुलांसाठी तो नेमला जातो, सरसकट सगळ्यांना मिळत नाही. शिकागोत 2004 साली सुरू झालेलं यंग सेंटर हे काम करतं. तिथले प्रशिक्षित स्वयंसेवक मुलाला नेमाने भेटत राहतात. मुलाचं हित कशात आहे, हे तपासून अ‍ॅडव्होकेटच्या वतीने न्यायाधीशाला किंवा आश्रय अधिकाऱ्याला शिफारस जाते. ती बंधनकारक नसते, हीच यातली मोठी उणीव. (आपल्या पोक्सोतली सहायक व्यक्ती याच्या थोडी जवळ जाते.)

समजा, ग्वाटेमालाची सोळा वर्षांची मुलगी शेल्टरमध्ये, म्हणजे अशा मुलांना ठेवतात त्या निवाऱ्यात, महिनोन् महिने अडकलीय आणि म्हणते, "मला घरी जायचंय." वकील तिला परिणाम समजावेल आणि ती ठाम असेल तर स्वेच्छेने परत जाण्याची परवानगी मागेल. अ‍ॅडव्होकेट वेगळंच विचारत बसेल. घरी म्हणजे कुणाकडे? विमानतळावर घ्यायला कोण येणार? सीमा ओलांडून देणाऱ्या दलालाचे पैसे फिटलेत, की जमीन अजून गहाण आहे? मुलगी माम ही मायन भाषा बोलते आणि दुभाषी स्पॅनिश, मग तिचं 'हो' नक्की कशाला होतं? बरेचदा 'घरी' या शब्दाचा अर्थ 'इथून बाहेर' एवढाच निघतो. तसं असेल तर मागणी करायची ती अमेरिकेतल्या मावशीकडे लवकर सोडण्याची.

गुप्ततेतही फरक आहे. वकिलाला सांगितलेलं त्याच्यापाशीच राहतं. अ‍ॅडव्होकेटवर साक्षीची सक्ती करता येत नाही, पण शिफारस लिहिणं हेच त्याचं काम, म्हणून त्यात काय जाणार हे मुलाला आधी सांगायला हवं. शेल्टरचा केस मॅनेजर हा तिसराच माणूस. त्याच्या नोंदी सरकारी फायलीत जातात, त्याच्याशी बोलताना मुलं हे विसरतात.

नातेवाइकांनी एकच विचारावं: इमिग्रेशन कोर्टात ई-28, म्हणजे 'या मुलाचा वकील मी' असं नोंदवणारा फॉर्म, कुणी भरलाय? कुणीच भरला नसेल तर कोर्टाच्या लेखी मुलाला वकील नाही, भेटायला कितीही प्रेमळ माणसं येत असोत. आणि तारीख चुकली तर गैरहजेरीतच देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघू शकतो.